सुमनच्या हाताचा ठेका

भूतखेत, भानामती असलं मी आयुष्यात कधी मानलं नाही. अठरा वर्षं फौजेत काढली, मुडद्यांशेजारी झोपलो. त्यामुळं खाली लिहितोय ते खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. चौथी शिकलेला माणूस आहे मी, रंगवून सांगता येत नाही.

आमची वस्ती वडूजपासून तीन कोसांवर, माळाला. दगडी घर आणि मेंढरांचा जुना वाडगा. माझी बायको सुमन जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. सैपाकघराला मी कुलूप घातलं होतं, किल्ली करदोट्याला. गावातल्या पुतण्याच्या घरनं डबा यायचा. फोटोत तिचा चेहरा आहे. पण आवाज कुठं भरून ठेवलाच नव्हता... आणि तो मी विसरत चाललो होतो. एवढंच सलत होतं.

अशात साताऱ्याहून नातू आला. लेकीचा पोरगा, सुमित. त्याचा चौघांचा बँड आहे.

"आबा, दुसरा अल्बम करायचाय. पहिला लोकांना आवडला, आता ह्याच्यात हसं व्हायला नको. तुमच्याइथं शांतता हाय."

"कर की. मेंढरं तरी कुठं राहिलीत ऐकायला!"

पोरांनी पुढच्या खोलीत सामान मांडलं. आवाज घुमतो म्हणून भिंतींना सुमनच्या हातच्या वाकळा टांगल्या. मला आधी राग आला, मग बरं वाटलं. खोलीला तिचा वास आला.

गाणी मला कळली नाहीत. निम्मी तर बोंबलल्यासारखी! पण पोरं कामाला लय पक्की. एक ओळ चाळीस-चाळीस वेळा घ्यायची, तोंड वाकडं न करता. ड्रम वाजवणारी तेजल, मेढ्याच्या टॅक्सीवाल्याची लेक, तळहाताला फोड आले तरी फडकं बांधून वाजवायची. आमच्या पलटणीत असे चार असते तर!

शेवटचं गाणं मात्र अडलं. तेजलला ठेका सापडेना. दोन दिवस नुसती चिडचिड.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी अंगणात बाजेवर होतो. आतून ठेका आला. तीन थापा भरभर... मग थांबा... मग एक जोरात.

मी बाजेवरनं उठलो.

सुमनचं डावं मनगट विहिरीवर पडून मोडलं होतं, वैदूनं वाकडंच बसवलं. भाकरी थापताना तीन थापा मारल्या की वळवायला डावा हात जायचा, तो अडायचा, खांदा उडवून ती तो फिरवायची आणि मग एक दणका. सुट्टीवर न कळवता आलो की मी अंगणात उभा राहून आधी तेवढं ऐकायचो, मग हाक मारायचो.

आत गेलो. तेजल डोळे मिटून वाजवत होती. आणि प्रत्येक थांब्याला... तिचा डावा खांदा उडत होता.

"ए पोरी, थांब! कुणी शिकवलं तुला हे?"

ती दचकली. "कोण शिकवणार आजोबा? सकाळपासून तुमच्या सैपाकघरातनं येतंय की. आजी गावाहून आल्यात ना, भाकऱ्या करतायत? म्हटलं, झकास ठेका आहे, घ्यावा."

सुमित म्हणाला, "तेजू, आजी न्हाई आता. आबांना तर चूलबी पेटवता येत न्हाई."

मी कुलूप काढलं. भाकरी थापायची काटवट भिंतीला पालथी, मी ठेवली तशीच. वर बोटभर धूळ. चूल गार. पोरांनी सकाळपासूनचं सगळं रेकॉर्डिंग उलटंपालटं करून ऐकलं. तेजलच्या ड्रमशिवाय त्यात काही नाही. वस्तीवर दुसरं घरही नाही.

पोरगी रडकुंडीला आली. "आजोबा, मला भ्या वाटतंय. हा ठेका नको, दुसरा बघते."

"बदललास तर बघ! मोडक्या हातानं चाळीस वर्षं घर जेवू घातलंय तिनं. वाजव."

तिनं वाजवलं. एका दमात, एकदाच. मी भिंतीच्या वाकळेला टेकून ऐकलं. काय वाजवलं त्या पोरीनं! नंतर सुमितनं त्यात शब्दच घातले नाहीत. म्हणाला, "ह्याच्यावर मी काय गाऊ, आबा?"

अल्बम निघाला. लोक त्यांना विचारतात म्हणे, हा ठेका कुठल्या देशाचा? माझ्या मोबाईलवर तो आहे, रोज जेवताना लावतो. सैपाकघराचं कुलूप मी परत घातलं नाही.

झालं ते कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. मला वाईट एकाच गोष्टीचं वाटायचं... जन्मभर तिच्या हातची खाल्ली मी, आणि ऐकू गेलं परक्या पोरीला. मग एक दिवस ध्यानात आलं. सुमनची रीतच तशी होती. दारात पाहुणा असला की पहिली भाकरी त्याच्या ताटात. घरधन्यानं आपली पाळी येईस्तोवर गप बसायचं.

बसलोय.