गाण्याची दुसरी बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि शिवाजी पेठेत राहून बायकोपासून काही लपवायचं म्हणजे काय, ते लपवणाऱ्यालाच ठाऊक. मग तुम्हालाच का सांगतोय? कुठून तरी सुरुवात करायला हवी म्हणून.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आमच्या तालमीच्या माडीवर मी दर रविवारी मुलींसाठी गाण्यांचा वर्ग सुरू केला. पंचमीला, गौरीला बायका फेर धरून म्हणतात ती गाणी. मी हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. गळा असा की हजेरी घेतली तरी पोरं हसायची. तालमीचे वस्ताद म्हणाले, "मास्तर, आता तालमीत फुगड्या घालायच्या व्हय?" पण माडीची किल्ली त्यांनीच काढून दिली.

शिकवायला दोघी जावा यायच्या — थोरली गंगाक्का, धाकटी शांताकाकी. पलीकडच्या गल्लीत त्यांचं चिरमुरे-फुटाण्याचं दुकान. ही गाणी जोडीनं म्हणायची असतात. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. गंगाक्का विचारायच्या, शांताकाकी उत्तर द्यायच्या. लग्न होऊन एका घरात आल्यापासून दोघींची हीच वाटणी. आणि काकींची उत्तरं अशी ठसकेबाज की मुली हसून लोळायच्या.

वर्गाकडं पैसा नव्हता. मुंबईची एक संस्था अशा कामांना अनुदान देते, असं कळलं. सामान्य माणसांना कलेशी जोडायचं, हा तिचा हेतू — हे वाक्य लक्षात ठेवा, मी ते विसरलो होतो. त्या संस्थेचे पाहुणे वर्ग बघायला आले. त्यांतल्या एक बाई म्हणाल्या, ही गाणी तर अजून गल्लोगल्ली म्हणतात ना? मग आम्ही मदत कशासाठी करायची?

प्रश्न रास्त होता. खरं उत्तरही सोपं होतं — म्हणतात, पण नव्या मुलींना दोन कडव्यांपलीकडं येत नाही, म्हणून शिकवायची. एवढंच बोललो असतो तर? संस्थेचा हेतू तरी दुसरा काय होता? कदाचित अनुदान मिळालंही असतं. पण मला वर्ग बंद पडलेला दिसला, मुलींची उतरलेली तोंडं दिसली आणि — आता सांगतोच आहे तर सगळं सांगतो — पेपरातला माझा फोटोही दिसला. मी म्हणालो, "ही जुनी गाणी येणाऱ्या आता या गंगाक्काच शेवटच्या."

शांताकाकी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन माझ्या शेजारी उभ्या होत्या.

गंगाक्का गायला लागल्या. पहिला प्रश्न संपला. उत्तराची जागा आली, आणि काकींनी श्वास घेतलेला मी ऐकला. मी त्यांच्याकडं बघितलं. वर्गात दंगा करणाऱ्या पोराला गप्प करायला मास्तर जसं बघतो ना, तसं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदर डोक्यावरून घेतला आणि जिना उतरून गेल्या. पाहुण्यांना मी सांगितलं, की उत्तरं काळाच्या ओघात हरवली. त्यांना ते फार भिडलं.

अनुदान मिळालं. ढोलकी आली, पेटी आली, माडीला पंखे लागले. गंगाक्कांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. काकी पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या दुकानापर्यंत जाऊन चुकलो म्हणायला किती वेळ लागला असता? मी मात्र फुटाणे पार लांबच्या शाहूपुरीतून आणायला लागलो. गंगाक्का एकदा म्हणाल्या, "मास्तर, तिच्याबिगर माझा गळा चालत न्हाय." मी पेटीच्या भात्याचा विषय काढला. आणि मुली वर्षानुवर्षं नुसते प्रश्न शिकत राहिल्या. उत्तराच्या जागी ढोलकी वाजायची.

पुढं अनुदान संपलं. वर्ग बंद पडेल असं मला वाटलं होतं, पण काकी गेल्यानंतर वर्गात आलेल्या मुलींनीच तो हातात घेतला. त्यांतली राजश्री, आता स्वतः एका पोरीची आई, एकदा चिरमुरे आणायला त्या दुकानात गेली. पुडी बांधून होईपर्यंत ती सवयीनं एक प्रश्न गुणगुणली, आणि पोत्यांच्या आडून उत्तर आलं.

त्याच रविवारी राजश्री काकींचा हात धरून त्यांना माडीवर घेऊन आली. "मास्तर, उत्तरं सापडली," म्हणाली. काकी दम खात बसल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मी काय हरवलोतो व्हय?"

मुली हसल्या. त्यांना गंमत वाटली. मीही हसलो त्यांच्याबरोबर — आणि मला वाटतं, पहिल्या खोट्यापेक्षा ते हसणं जास्त नीच होतं.

आता काकी दर रविवारी येतात. गंगाक्का खुर्चीत बसून चुका काढतात, काकी त्यांनाच उलटं बोलतात, मुली नवी उत्तरं रचून दोघींना ऐकवतात. राजश्रीची पोरगी तर बोबड्या बोलातच भांडल्यासारखं उत्तर देते. माडी नुसती दणाणते. तिथं बसलो की मला खरोखर आनंद होतो, तो लपवत नाही. पण कुणीही नवं माणूस आलं की मुली सांगतात, मास्तरांमुळं ही गाणी वाचली. काकी ते ऐकतात. त्यांनी मुलींना कधी एका शब्दानं काही सांगितलेलं नाही.

वर्ग जाईल ही भीती खरी होती. पण भीतीनं काकींना जिना उतरायला लावलं नाही, मी लावलं. आणि उत्तरं कुठं आहेत हे मला त्या सगळ्या वर्षांत रोज ठाऊक होतं.

येत्या रविवारी हे मी माडीवर सांगणार आहे. मुलींना, काकी समोर बसलेल्या असताना. सांगून झालं की मी उठून जाणार नाही. काकी काय बोलतील ते सगळ्यांसमोर बसून ऐकणार आहे.