वहिनींचा मटार-बंदोबस्त

आमच्या शेजारच्या वहिनींनी आयुष्यात कुणालाही गुपचूप कुठेही जाऊ दिलेलं नाही. जयपुरात, प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीतून जाणाऱ्याने खिशात ओळखपत्र ठेवलं नाही तरी चालायचं. वहिनींना उत्तर मात्र द्यावंच लागायचं. त्या नागपूरच्या. यजमान विमा कंपनीत, म्हणून बदलीने इकडे आलेल्या. "भैया, किधर जाके रहे?" एवढं त्यांनी विचारलं, की कुरियरवाला पत्ता सांगता सांगता स्वतःच्या सासूचीही तक्रार करून मोकळा व्हायचा.

एका दुपारी मोटारसायकलवरच्या दोघांनी समोरच्या भाभीजींच्या गळ्यातली साखळी दारातूनच ओढून नेली. झालं, गल्लीने दारं लावून घेतली. कुणी कॅमेरा बसवला, मी भलंमोठं कुलूप आणलं, भाभीजींनी तर फाटकाबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. "आपण सारे आत, म्हणून चोर बाहेर मोकळा फिरून राहिला न बाप्पा!" वहिनी कडाडल्या. "उचल मुड्डे!" मुड्डा म्हणजे इकडची बुटकी, गोल बैठक. मी निमूटपणे उचलले. वहिनींनी ते रस्त्याकडेला मांडले, मधोमध मटारचं पोतं ओतलं आणि भाभीजींचं दार वाजवलं. "भाभीजी, मेरे अकेली से नहीं होता. सड़ जाएगा सब!"

भाभीजी आधी दाराआडून सोलू लागल्या, मग पायरीवर आल्या, आणि थोड्याच दिवसांत स्वतःच हाका मारून साऱ्या गल्लीला गोळा करू लागल्या. त्या हिवाळ्यात आम्ही मटार पोह्यात खाल्ले, पराठ्यात खाल्ले, आणि वहिनींनी एकदा शिऱ्यात घातले तेव्हाही कुणी ब्र काढला नाही. एका संध्याकाळी एक तरुण गल्लीत उगाच घुटमळताना दिसला. वहिनींनी त्याला दंडाला धरून बसवलं, पुढ्यात शेंगांचा ढीग ठेवला आणि उलटतपासणी सुरू केली. तो निघाला कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलीला चोरून भेटायला आलेला! शेंगा संपेपर्यंत मुलीची आई राजी झाली होती, आणि बाप मुलाला चहा पाजत होता.

पुढे यजमानांची भोपाळला बदली झाली. परवा वहिनींचा फोन आला. "इथं गेटवर पहारेकरी, लिफ्टमध्ये कॅमेरा. चोरीचं नाव नाही रे. पण दार वाजवायचं तर कोणाचं वाजवू? नावंच माहीत नाहीत कोणाची."

शेजारच्या मुड्ड्यावर बसलेल्या भाभीजींनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "वापस आ जाओ," एवढंच म्हणाल्या.

पलीकडून वहिनींनी विचारलं, "मेरा मुड्डा रखा है न अभी तक?"