भिंतीपलीकडची तोटी

त्याला सगळे दांडेवाला म्हणत. पाणीखात्यात तीस वर्षं त्याने एकच काम केलं: जमिनीखालचा नळ कुठे फुटलाय ते कानाने हुडकायचं. पुरुषभर लांब पोलादी दांडा, वरच्या टोकाला लाकडी वाटी. दांडा नळावर टेकवायचा, वाटीला कान लावायचा, श्वास धरायचा. गळती जवळ असली तर तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी चुरचुर. लांब असली तर नुसती घरघर. "लोखंड चुगलखोर," तो सांगायचा, "शंभर पावलांवरचं ओकून टाकतं. प्लास्टिक मात्र शुंभ. सगळं गिळून बसतं."

पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाला तेव्हा साहेबाने दांडा त्यालाच देऊन टाकला. वर्षभराने बायको गेली. मूलबाळ नाही. मग दांड्याला घरात एकच काम उरलं, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

घराच्या मधोमध भिंत. पलीकडे थोरला भाऊ, तोही सडाफटिंग. आईच्या आजारपणात कोण जास्त जागलं यावरून दोघांची जुंपली, ती अशी की अकरा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. घराचे दोन तुकडे झाले, पण लोखंडी नळ एकच राहिला. रोज सकाळी सहाला दांडेवाला न्हाणीत स्टुलावर बसून नळाला दांडा लावायचा. पलीकडे तोटी किरकिरायची, पाणी घोंगावायचं आणि शेवटी ठक्! तोटी हळू बंद करणं थोरल्याला जन्मात जमलं नव्हतं. वाहतं पाणी एकदम अडलं की नळभर धक्का बसतो. तो ठक् ऐकला की दांडेवाला चहा टाकायचा.

एका मंगळवारी ठक् आलाच नाही. साडेसहा झाले. सात झाले. तसाच अनवाणी जाऊन त्याने थोरल्याचं दार बडवलं.

दार उघडलं. थोरल्याच्या तोंडात ब्रश.

"काय रे?"

"दादा... आहेस तू."

"मग कुठे जाऊ?"

"तोटीचा आवाज आला नाही, म्हटलं..."

"काल तू दिवसभर दवाखान्यात होतास, तेव्हा माझ्या बाजूचा नळ बदलून घेतला. प्लास्टिकचा." थोरल्याने ब्रश तोंडातून काढला. "रोज ऐकतोस?"

"चार वर्षं झाली."

थोरल्याने फेस थुंकला. "जन्मभर नळ ऐकलेस आणि प्लास्टिक सुचलं नाही? सरळ मला पोचवूनच मोकळा झालास!"

आत ये म्हणाला नाही. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सहाला दांडेवाला सवयीने स्टुलावर बसला. नळ मुका. पाच-सात मिनिटं बसला, मग दांडा माळ्यावर टाकायला उठला. तेवढ्यात भिंतीतून धप्, धप्, धप्. पलीकडे थोरला बत्त्याने ठोकत होता.

दांडेवाल्याने दांडा उलटा धरून भिंतीवर एकदाच मारला. इतकी वर्षं ऐकण्यात गेलेल्या त्या दांड्याने पहिल्यांदा आवाज केला.

पलीकडे सामसूम झाली. त्याने चहा टाकला, एक कप.