लव्हबर्डला मेथी

माझे धाकटे दीर घरी आलेल्या माणसाला आधी पाखरू दाखवायचे आणि मग पाणी विचारायचे. चिकलठाण्याला नवा फ्लॅट घेतल्यावर त्यांनी सोफा आणला, काचेचं टेबल आणलं आणि त्या दोन्हींना शोभेल म्हणून हिरव्या अंगाचा, लालसर तोंडाचा लव्हबर्ड आणला. भाऊजी ओठांत बिस्कीट धरायचे. पाखरू खांद्यावरून पुढं सरकून ते कुरतडायचं. पाहुणे मोबाइल काढायचे, आणि भाऊजींच्या तोंडावर असं तेज यायचं, की त्या जिवाला पंख जणू त्यांनीच लावलेत.

पिंजऱ्यातली वाटी सूर्यफुलाच्या बियांनी कायम भरलेली. वरून शेव, फरसाण, चहात बुडवलेला टोस्ट. "लई लाडाचं हाय," ते म्हणायचे. मला ते लाड बघवायचे नाहीत. आमच्या सासऱ्यांची मेंढरं होती. हेच भाऊजी लहानपणी कोकरू अंगाला घासलं तरी नाक मुरडायचे, असं सासूबाई सांगायच्या. आता एवढं प्राण्यांचं प्रेम उतू चाललं होतं, तेही समोर कुणी बसलेलं असलं तरच.

गेल्या वर्षी त्यांनी फ्लॅट रंगवायला काढला. रंगाचा वास पाखराला बाधेल म्हणून जाऊबाई पिंजरा घेऊन आमच्याकडं बजाजनगरला आली. सोबत बियांची भलीमोठी पिशवी होती. "आक्का, एवढंच खातंय ते," ती म्हणाली आणि खाली बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि त्याला खोलीत मोकळं सोडलं. पलंगावरून पडद्याच्या दांडीपर्यंतही त्याला उडवेना. अर्ध्यातच ते फरशीवर उतरलं आणि चोच उघडी टाकून धापा टाकत बसलं. वर्षाचंही नव्हतं ते पाखरू.

मी त्याला रिक्षात घालून पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी फुंकर मारून पोटावरची पिसं बाजूला केली. कातडीखाली पिवळी चरबी दिसत होती.

"याला कुणी खाऊ घालतंय की फुगवतंय?" त्यांनी विचारलं.

"मालक लई हौशी आहेत," मी म्हणाले.

त्यांनी मग नीट समजावलं. बिया एकदम बंद करायच्या नाहीत, एवढासा जीव उपाशी राहिला तर हातचा जाईल. सकाळी भूक असते तेव्हा पालेभाजी, मोड आलेले मूग, उकडलेला मका आणि पक्ष्यांसाठीच्या दाणेदार गोळ्या ठेवायच्या. बिया संध्याकाळी, त्याही हळूहळू कमी करत. रोज वजन बघायचं, विष्ठा बघायची.

घरी येऊन मी भाऊजींना फोन केला. ते हसले.

"वैनी, पाखराला कुठं डाएट असतं व्हय? त्याला आवडतं ते खाऊ द्या की."

"त्याला नाय, तुम्हाला आवडतं ते खातंय ते."

"तुमचं आपलं मेंढरावानी. पाला टाकला की झालं."

ज्या मेंढरांवर ह्यांचं कॉलेज झालं, त्यांचं नाव ते शिवीसारखं घेत होते. मी फोन ठेवला. अशा माणसाशी भांडायचं म्हटलं तरी त्याला थोडी किंमत द्यावी लागते.

पाखरूही मालकाच्याच वळणाचं निघालं. मूग ठेवले की ते एकेक उचलून पिंजऱ्याबाहेर फेकायचं. मक्याकडं पाठ करून बसायचं. गोळ्यांवर तर शिटून ठेवायचं. मी त्याच्यासमोर बसून मूग चावून खायचे, आणि ते माझ्याकडं असं बघायचं की मीच पिंजऱ्यात आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन जरा उतरलेलं दिसलं की मात्र मी त्याला पुन्हा पुन्हा काट्यावर ठेवून बघायचे. मग संध्याकाळची मी वाट बघायचे, बिया टाकायचे, आणि ते खाताना बघून स्वतःलाच चार शब्द ऐकवायचे.

एका सकाळी मी मेथी निवडत होते. धुतलेल्या चार ओल्या काड्या सहज पिंजऱ्याच्या आत अडकवल्या. पाखरानं आधी डोकं घासलं, मग ते पिसं फुगवून त्या पानांत लोळायला लागलं. त्याची अंघोळच चालली होती. लोळता लोळता एक पान चोचीत आलं, ते त्यानं चावलं, थांबलं, आणि पुन्हा चावलं. मी हातातली भाजी तशीच धरून बसले.

पुढं काम सोपं झालं असं नाही, पण होत गेलं. मेथीमागून कोथिंबीर, मग मूग, आणि शेवटी कुरकुरत का होईना, गोळ्या. पिसांना चकाकी आली. एक दिवस ते पलंगावरून निघालं आणि थेट पडद्याच्या दांडीवर जाऊन बसलं. तिथून त्यानं जो ओरडा सुरू केला, तो ऐकून शेजारीण काय झालं बघायला आली.

रंगकाम संपल्यावर पिंजरा चिकलठाण्याला परत गेला. जाऊबाईला सगळं सांगून पाठवलं होतं. काही दिवसांनी रंगवलेला फ्लॅट बघायला म्हणून त्यांनी लोकांना जेवायला बोलावलं. मीही गेले. बैठकीत पाहुणे बसलेले, मध्यभागी भाऊजी, खांद्यावर पाखरू.

"डाएटवर आणलं मी ह्याला," ते सांगत होते. "शिस्त लागते. कुणाचंही काम नाय ते." एवढं बोलून त्यांनी ओठांत बिस्कीट धरलं. मागं पिंजऱ्यात वाटी सूर्यफुलाच्या बियांनी शिगोशीग भरलेली.

मी उठले. पाखराला बोटावर घेतलं, पिंजऱ्यात ठेवलं, वाटी काढून काचेच्या टेबलावर ठेवली आणि पिंजरा उचलला.

"वैनी, काय करताय? पाहुणे बसलेत."

"बसू द्या. त्यांना दुसरं काहीतरी दाखवा."

भाऊजी हसायला लागले, पण कुणी सोबत हसलं नाही तसे थांबले. त्यांच्या ओठाला बिस्किटाचा चुरा तसाच चिकटलेला होता. जाऊबाई आतून जुनी चादर घेऊन आली. नवऱ्याकडं न बघता तिनं ती पिंजऱ्यावर टाकली आणि म्हणाली, "आक्का, वारं लागंल त्याला. झाकून न्या."

पाखरू आता माझ्याकडंच असतं. भाऊजी त्यानंतर आले नाहीत, आणि मी बोलावलंही नाही. जाऊबाई मात्र येते. बाजारातून कोथिंबिरीची कोवळी जुडी आणते, पिंजऱ्याजवळ खुर्ची ओढते आणि एकेक काडी आत सरकवत बराच वेळ बसते. मी चहा ठेवते.