वधूवर ग्रुपवरची अमेरिका

आमच्या समाजाच्या वधूवर ग्रुपला एकच नियम आहे: फक्त बायोडाटा टाकायचा. तो ग्रुपच्या माथ्यावर ठळक लिहिलेला आहे आणि कोणीही पाळत नाही. सकाळी मोबाईल उघडावा तर ‘मुलगी बी.एस्सी., गहूवर्णी, अपेक्षा निर्व्यसनी’ याच्या खालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर रणधुमाळी चाललेली असते. त्याला कारणही आहे. अमरावती-अकोल्याच्या कित्येक वरपित्यांची पोरं तिकडे आहेत, आणि ज्यांची नाहीत त्यांना तिकडचा जावई हवा आहे.

मी अमरावतीच्या राजापेठेत दहावी-बारावीच्या मुलांची नागरिकशास्त्राची आणि इंग्रजीची शिकवणी घेते. नवरा वलगावच्या मळ्यात कोबी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतो. मी ग्रुपवर वाद घालताना दिसले की तो चिडायचा.

“अमेरिकेचं तुले काय पडलं? आपली कोबी काय तिकडं जाऊन राहिली?”

कोबी जात नव्हती, शर्ट जात होते. आमची मुलगी नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. तिच्या हाताखालून गेलेले शर्ट अमेरिकेच्या दुकानात लागायचे. तिकडे आयातकर वाढला, इकडे ऑर्डरी थांबल्या, आणि एका सोमवारी तिच्या पाळीच्या सगळ्या मुलींना ‘पुढचं कळवू’ म्हणून घरी पाठवलं. ते पुढचं अजून कळलेलं नाही. तेव्हा अमेरिका माझ्या स्वयंपाकघरापर्यंत न विचारता आली होती. मग मी तिच्याविषयी बोलायला कोणाची परवानगी का मागू?

माझी एक खोड आहे. शिकवणीत मी मुलांना सांगते, गाईड बंद करा, पुस्तक उघडा. तेच मी स्वतःही करते. ग्रुपवरचे लोक दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहून निकाल देतात. मी खटल्याचा मूळ निकाल उतरवून घेते, सरकारी हुकूम असेल तर हुकूम, आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते. चार ओळींना कधी तास लागतो, पण लागू दे. वाचल्यावर मग माझ्याशी कोणी बोलावं.

त्याच ग्रुपवर मुलीचं जुळलं. मुलगा अमेरिकेत नोकरीला, वडिलांचं अकोल्यात बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. दोघं चार-पाच महिने फोनवर बोलत होती. ती त्याच्याशी बोलताना हसायची ते मला आतल्या खोलीपर्यंत ऐकू यायचं, आणि कारखान्यातलं काम बंद झाल्यापासून तिचं तेवढंच हसू घरात उरलं होतं. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. हॉल ठरला, आचारी ठरला, मुलगा सुट्टी घेऊन येणार होता. अडचण एवढीच की मुलाचे वडील त्या ग्रुपचे ॲडमिन होते.

एका सकाळी त्यांनी एक व्हिडिओ टाकला. अमेरिकेतून परत पाठवलेली माणसं, हातापायांत साखळ्या, विमानाच्या शिडीवर लहान लहान पावलं टाकत चढताहेत. खाली त्यांनी लिहिलं, ‘घुसखोरांना असंच पाहिजे. आपणही शिकावं.’ आणि टाळ्यांची चित्रं. त्याखाली इतरांच्या टाळ्या लागल्या, एका मुलीच्या बायोडाट्याच्या वरही टाळ्या आणि खालीही टाळ्या.

माझं डोकं फिरलं. मी लिहिलं: ‘तिथल्या घटनेत कायद्याचं संरक्षण फक्त नागरिकाला दिलेलं नाही, प्रत्येक व्यक्तीला दिलं आहे. कागद नसलेल्या माणसालाही आधी सुनावणी मिळते, ती मेहेरबानी नव्हे. आज ज्यांच्याजवळ कागद नाहीत त्यांची पाळी आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, उद्या कागद असणाऱ्यांचीही येईल.’

दहा मिनिटांत ते गायब झालं. पुढच्या दहा मिनिटांत मीही ग्रुपमधून गायब झाले.

दुपारी मध्यस्थ घरी आले. दोन्ही घरांना ओळखणारे, वयानं मोठे. त्यांनी चहा घेतला आणि घसा साफ केला.

“बाई, ते लोक मुलाकडचे आहेत. मुलीच्या मायनं मुलाच्या बापाले चारचौघांत शिकवावं, हे शोभते का? ते तुमाले परत ग्रुपात घेतात. तुमी फक्त दोन ओळी लिवा, चुकलं म्हणून. साक्षगंधाच्या आधी लिवा. नाईतर त्यायचं मन नाई म्हणते.”

“चुकलं काय ते सांगा. चुकलं असन तर आत्ता लिवते,” मी म्हणाले.

“चुकलं-बिकलं नाई हो. मुलीकडच्यायनं वाकाव लागते.”

असं आहे ते. आमच्याकडे मुलीकडचे लग्नात शेवटी जेवतात, हात जोडून उभे राहतात, वरातीतल्या दारुड्यालाही ‘या पाव्हणे’ म्हणतात. हे सगळं मी करणारच होते, कुरकुरत का होईना. पण अमेरिकेची घटनाही मुलाकडच्यांच्या सोयीनं वाचायची, हे मात्र माझ्या आईनंही मला शिकवलं नव्हतं.

नवऱ्यानं संध्याकाळी माझ्या मोबाईलवर, मुलाच्या वडिलांच्या नंबरावर पाठवायला, माफीच्या दोन ओळी स्वतःच लिहून ठेवल्या. ‘फक्त पाठव,’ म्हणाला. मी मोबाईल उलटा करून ठेवला. सात दिवस तो मजकूर तिथेच पडून होता. खरं सांगायचं तर नवऱ्याचा राग आला नाही, मुलीचा आला. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आई, दोन ओळीनं काय जाते तुझं? तू मनातून मानू नको ना.”

“तुले तो इतका आवडते?”

“हाव.”

शिकवणीतल्या पोरांसमोर तासभर बोलणारी मी, लसूण सोलत बसले. मला भीती वाटत होती, साफ सांगते. माझ्या चार वाक्यांपायी पोरीचं लग्न मोडलं तर ती मला आयुष्यभर काही म्हणणार नाही, आणि तेच मला सोसवलं नसतं. तरीही अंगठा त्या ‘पाठवा’वर जात नव्हता. आज मनात नसताना मी लिहिलं असतं, तर उद्या तिलाही सासरी मनात नसलेलं बोलत राहावं लागलं असतं, आणि तिनं ते माझ्याचकडून शिकलेलं असतं.

साक्षगंधाला पाच दिवस उरले असताना सकाळी फोन वाजला. अकोल्याचा नंबर. मी उचलला तर मुलाचे वडील. आवाज ओळखू येईना.

“ताई, तिकडं काईतरी हुकूम निघाला म्हणतात व्हिसाचा. बाहेरून तिकडं परत जाणाऱ्यावर मोठी फी लावली. पोट्टा तिकडच्या विमानतळावर उभा आहे. कंपनी म्हणते जाऊ नोको, मित्र म्हणतात काई होत नाई. ग्रुपवर तर जो तो येगळंच सांगून राहिला. तुमी ते मूळचं वाचता ना? वाचून सांगा. येऊ देऊ का नोको?”

मुलगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मी हुकूम शोधला. एकदा वाचला, चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचला. ‘ये’ म्हणणं मला किती सोयीचं होतं! हॉलचा रंगमंच सजणार होता, जावई येणार होता, पोरगी हसणार होती. शिवाय माझा अंदाज होता की हे नव्या अर्जांपुरतंच असावं. पण अंदाज वेगळा आणि कागद वेगळा. कागदावर तेव्हा तसं स्वच्छ लिहिलेलं मला सापडेना.

अर्ध्या तासानं मी फोन केला. “भाऊ, मी वकील नाई. मले वाटते की जुना व्हिसा असणाऱ्याले हे लागू होणार नाई, दोन-तीन दिवसांत खुलासा येईन. पण आज या कागदात तसं मले दिसत नाई. मी त्याच्या जागी असती तर आज विमानात बसली नसती.”

“मंग साक्षगंध?”

“साक्षगंध मागं-पुढं होते. नोकरी गेली तर आणता येणार नाई.”

मग ते म्हणाले, “बरं.” मुलगा विमानतळावरून परत फिरला. मुलगी आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

खुलासा आला, पण तोवर मुलाचं तिकीट आणि सुट्टी दोन्ही हातची गेली होती. जुन्या व्हिसावाल्यांना भीती नाही, असंच निघालं. म्हणजे तो येऊ शकला असता! सगळ्या नातेवाइकांनी मला ते आवर्जून कळवलं, माझ्या जावेनं तर दोनदा. मी म्हटलं, त्या सकाळी जे लिहिलं होतं ते मी सांगितलं, आणि उद्या तशीच सकाळ आली तर तेच सांगीन.

साक्षगंध ठरल्या दिवशीच झालं, मुलाविना. आमच्याकडे ते चालतं. मुलाकडच्या बायकांनी मुलीला कुंकू लावलं, ओटी भरली, साडी दिली की सोयरीक पक्की. अकोल्याहून दोन गाड्या भरून पाहुणे आले. मुलगा मोबाईलच्या पडद्यावर होता, त्याच्याकडे अजून उजाडलंही नव्हतं, आणि त्याला त्याचीच आत्या मोबाईल उलटा धरून छत दाखवत होती. माफीचा विषय कोणी काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

पेढे वाटून झाल्यावर मुलाचे वडील हात जोडून उभे राहिले. पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “आमच्या इहीनबाईचा अभ्यास मोठा आहे, हे मी मानलं. आता आपन सोयरे झालो. मी तुमाले ग्रुपात परत घेतलं आत्ताच. आता तरी तिथं भांडू नका.”

सगळे हसले. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सात दिवसांची विनवणी होती. मीही हात जोडले, अगदी मुलीकडच्यांनी जोडावेत तसे.

“भाऊ, सोयरे झालो म्हणूनच भांडीन,” मी म्हणाले. “परक्यासाठी एवढं कोन वाचत बसते?”

हसू थांबलं. नवरा उगाच पाण्याचे ग्लास गोळा करू लागला. मुलाच्या वडिलांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. मग ते जेवायला बसले, आणि मी त्यांना आग्रहानं बासुंदी वाढली.

पाहुण्यांच्या गाड्या निघाल्यावर मी हॉलमधल्या एका खुर्चीवर बसले आणि मोबाईल उघडला. माफीच्या दोन ओळी आधी पुसल्या. मग माझ्या वहीत उतरवून ठेवलेलं ते जुनं, त्यांनी काढून टाकलेलं लिखाण, एकही शब्द न बदलता परत लिहिलं आणि पाठवलं. वर एका मुलाचा बायोडाटा होता, खाली एका मुलीचा आला.

मग त्या मजकुराखाली एक अंगठा उमटला. नाव पाहिलं तर आमच्याच पोरीचं. मी वर पाहिलं. ती समोरच्या खुर्चीवर बसली होती, सासरची साडी नेसलेली, कपाळभर कुंकू, हातात मोबाईल.

“अवं, तुझे सासरे पायतीन ना,” मी म्हणाले.

“पायू दे,” ती म्हणाली.