पलीकडच्या काठावरची पिवळी बॅटरी

गेल्या आठवड्यात ग्रुपवर एकानं विचारलं, ट्रेकिंग आणि कॅम्पिंगसाठी चार्जिंगचा एलईडी टॉर्च कुठला घ्यावा? खाली नेहमीप्रमाणे लिंकांचा पाऊस पडला. मीही उत्तर लिहायला घेतलं, आणि ते लांबत लांबत भलतीकडेच गेलं... ॲडमिनला वाटलं तर खुशाल उडवावं.

आधीच सांगतो – भूत, चकवा, लागीर हे सगळं मी आजवर हसण्यावारी नेलेलं आहे. धनगराच्या घरात जन्मलो, अर्धं लहानपण मेंढरांमागं माळावर गेलं. अंधार मला नवा नाही. कुणी म्हणालं की मला अमुक ठिकाणी काहीतरी दिसलं, तर माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा – किती घेतली होतीस? तुम्हीही मला तोच विचाराल. विचारा. मी घेत नाही.

तर टॉर्च. माझी नोकरी धाराशिवला. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर कधी रामलिंगचा घाट, कधी नळदुर्ग असं चालू असतं. टॉर्च घ्यायचा म्हणून मी महिनाभर व्हिडिओ बघत बसलो होतो. बायको म्हणाली, मला बघायला आला होतात तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती. ल्युमेनच्या आकड्याला भुलू नका, खोक्यावर काहीही छापतात. आतला सेल काढून बदलता येतो का, चार्जिंग टाईप-सी आहे का, आणि पाण्यात पडला तर जगेल का, एवढं बघा. मी हे सगळं बघून एकसारखे दोन घेतले. एक मला, एक धाकट्या भावाला – धोंडिबाला. आमचं गाव येरमाळ्याच्या जवळ. धोंडिबा, त्याची बायको मंगल आणि आय मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर असायचे. खरी गरज त्याला होती, मी हौशी.

पंधरा दिवसांनी भेटलो तर त्यानं टॉर्चची वाट लावलेली. काच उघडून आतून भंडारा – म्हणजे आमच्या देवाची हळद – तेलात कालवून फासला होता.

"अण्णा, तुमच्या बॅटरीचा उजेड लई पांढरा हाय. मेंढरं बुजत्यात." गावाकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात.

"अरे, एवढा महागाचा टॉर्च... निम्मा उजेड घालवलास की."

"निम्मा ऱ्हायलाय ना? तेवढा बास. आन् आता सगळ्यांकडंच पांढऱ्या बॅटऱ्या झाल्यात. आयला लांबनं कळाया पायजे, ह्यो आपलाच धोंडू हाय."

हे लांबून कळणं आमच्यात महत्त्वाचं असतं. अंधारून आलं की मेंढरं घेऊन परतणारा माणूस लांब थांबतो, बॅटरी पालाकडं – म्हणजे आमच्या मुक्कामाच्या तंबूकडं – धरतो आणि काचेवरून दोनदा तळहात फिरवतो. पालावरचं माणूस तसंच उत्तर देतं. उत्तर म्हणजे – ये. त्याशिवाय पुढं यायचं नाही, कुत्री अंगावर येतात. आणि उत्तर आलं की थांबायचं नाही, निघायचं. आमच्या आज्यापासून हे असंच आहे, तेव्हा कंदील होते एवढंच.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता पाल परांडा तालुक्यात होतं. सोनारीच्या पुढं, नदीकाठच्या एका शेतात. ज्वारी पेरायच्या आधी खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, तसंच. दुपारी नदीला गुडघाभर पाणी होतं, धोंडू मेंढरं घेऊन पलीकडं चारायला गेला. मंगल लेकाला घेऊन गावाला गेली होती. वर कुठंतरी पाऊस कोसळत होता. इथं थेंब नव्हता.

दिवेलागणीला पलीकडच्या काठावर पिवळा उजेड आला. दोनदा झाकला, दोनदा सोडला. आय चुलीपुढं होती. तिनं बसल्या जागेवरून, नदीकडं न बघता, रोजच्या सवयीनं उत्तर दिलं.

आणि तो पाण्यात उतरला.

लोक म्हणतात, त्याला पाणी दिसलं नसेल का? दिसलं असणार. पण अलीकडून आयनं ये म्हटलंय म्हणजे पाण्याला उतार असणार, तिला तिकडून बरोबर दिसत असेल, असंच त्याला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं असतं. बरीचशी मेंढरं वाहत वाहत खाली काठाला लागली. धोंडू लागला नाही.

किती दिवस शोधलं ते सांगत बसत नाही. गावातली पोरं कमरेला दोर बांधून डोहात उतरली, ओळख ना पाळख, पण उतरली. बॅटरी तेवढी सापडली, खाली एका बाभळीच्या फांद्यांत अडकलेली. बटण दाबलं तर लागली... पिवळी. माझी निवड बरोबर होती. टॉर्च जगला. मला तो तिथंच दगडावर आपटून फोडावासा वाटला. फोडला नाही, सेल काढून घरी धाराशिवला कपाटात ठेवला.

शेवटी दर्भाचा धोंडू करून त्याला अग्नी दिला. आय आली नाही. मेंढरं चुलत्यांनी नेली, पण आय पालावरनं हलायला तयार होईना. शेतकरी भला माणूस, तो म्हणाला राहू द्या. मी दर रविवारी जायचो, ओरडायचो, पाया पडायचो. ती वाळत चालली होती. ह्या काठावरच मरणार ही बाई, एवढं मला दिसत होतं, आणि भाऊ गेल्यावर आईही जाऊ द्यायची माझी ताकद नव्हती.

एका रविवारी तिनं मला जवळ बसवलं.

"रोज येतोय त्यो," म्हणाली. "दिवेलागणीला पलीकडं हुबा ऱ्हातोय. काचंवरनं हात फिरवतोय."

"आय, अगं तो..."

"म्या उत्तर देत न्हाय. दिलं की पुन्यांदा पाण्यात यील. न्हाय दिलं तर तसाच हुबा ऱ्हातोय, उपाशी. म्या काय करू, सांग. तू शिकलेला हाईस."

त्या संध्याकाळी मी थांबलो, तिला खोटं पाडायचं म्हणूनच थांबलो. दिवस मावळला आणि पलीकडं हळदीच्या रंगाचा उजेड आला. दोनदा झाकला. दोनदा सोडला. मग नुसता स्थिर राहिला, वाट बघत. आय मांडीवरचे हात घट्ट आवळून बसली होती. माझ्या हातात माझा पांढरा टॉर्च होता आणि अंगठा बटणावर होता... पण मीही उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. पुलावरून वळसा घालून पलीकडं गेलो, उजेडाची जागा शोधून काढली. बाभळी, गवत, वाळलेला गाळ. जवळ वस्ती नाही, पाण्याच्या मोटारीचा विजेचा खांब नाही, गाळात पाऊल नाही. तरी अंधार पडेपर्यंत तिथंच थांबलो. आयच्या पुढं सोलरचा कंदील ठेवून आलो होतो, तिच्याजवळ फोन दिला होता. सांगून आलो होतो, आज मी त्याला पुलावरून घेऊन येतो, पाण्यातून नाही. हे का बोललो मलाच माहीत नाही. तिला उठवायचं होतं, बस.

दिवेलागण झाली. मी टॉर्च लावला. माझ्याकडं काहीच नव्हतं. गवत, बाभळी, मी. फोन केला.

"आय, इथं कुणी नाही गं. मी बरोबर त्याच जागेवर आहे."

"असं कसं? तुज्या शेजारीच हाय की."

मी चारी बाजूंना उजेड फिरवला. भीतीपेक्षा मला रडू जास्त येत होतं. इतका जवळ असेल तर एकदा दिस की लेका.

मग मी पालाकडं बघितलं. कंदील दिसत होता, पांढरा. आणि त्याच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, पिवळा उजेड. आयच्या अगदी लगत.

"आय... तुझ्याजवळ कोण आहे?"

"माज्याजवळ कोन असणार? एकटीच हाय. तू ये घेऊन त्याला. हळू या."

मी बोललो नाही. बोललो असतो तर ती त्या जागेवरून कधीच उठली नसती. मोटरसायकलवरून पुलाकडं निघालो तेव्हा पिवळा उजेड पालावरच होता. पोचलो तेव्हा तिथं आय आणि कंदील, एवढंच होतं. ती माझ्या मागं बघत होती, माझ्या खांद्यावरून. मग पदरानं तोंड पुसलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून उठली. "चला," म्हणाली. 'चल' नाही. 'चला'.

आय आता धाराशिवला माझ्याकडं आहे. अंगावर थोडं मांस धरलंय. मी ऑफिसातून आलो की माझ्या बाजूला बघते आणि विचारते, "जेवला का त्यो?" मी हो म्हणतो. तिला तो माझ्याजवळ दिसतो. मला तिच्याजवळ दिसला होता. मी रोज तिच्या शेजारी बघतो, काही नसतं.

हे मी एकट्या मंगलला सांगितलं. वाटलं, तिचा हक्क आहे. तिनं खाली मान घालून सगळं ऐकलं.

"अण्णा," ती म्हणाली, "ज्याच्याजवळ ऱ्हातो त्याला दिसत न्हाय, पल्याडच्याला दिसतो. असंच ना?"

"तसंच झालं खरं."

"मग म्या पल्याड जाऊन हुबी ऱ्हाते. तुमी अल्याडनं बघा."

मी नको म्हणालो. पण पुढं महिनाभर मी गावाला गेलो की ती माझ्याकडं अशी बघायची की शेवटी मीच तिला घेऊन गेलो. माझा टॉर्च तिला दिला. पुलावरून तिला त्या बाभळींपाशी सोडलं आणि मी परत अलीकडं पालाच्या जागेवर आलो. तिथं आता ज्वारी गुडघ्याला लागली होती. फोन चालू ठेवला. अंधारून आलं. पलीकडं तिचा टॉर्च लागला.

मी खूप वेळ बघितलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघितलं. एकच उजेड होता. पांढरा.

फोनवर तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"अण्णा?"

"हाय," मी म्हणालो. "तुझ्या डाव्या हाताला."

पलीकडचा टॉर्च हळूच डावीकडं वळला. आणि ती बोलायला लागली... लेकाबद्दल, त्याच्या दुधाच्या दाताबद्दल. फोन बंद करायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मी केला.

तो उजेड कशाचा होता, मला माहीत नाही. आयला दिसला, मला दिसला. मंगलच्या शेजारी का नव्हता, हे तर मी कुणाला विचारूही शकत नाही. परवा तिचा निरोप आलाय – पुढच्या रविवारी परत जाऊ.