बानसाहेबांच्या खोलीतली ऊब

रोज सकाळी बान दकसू इस्त्रीचा निळा शर्ट घालायचे, केसांवरून ओला हात फिरवायचे आणि बायकोला म्हणायचे, "निघतो गं."

"या," मिरान स्वयंपाकघरातून ओरडायची. "रस्त्यात गर्दी असेल, सांभाळून!"

मग बानसाहेब बैठकीची खोली ओलांडून लहान खोलीत शिरायचे आणि दार लावून घ्यायचे.

वॉलपेपरचा कारखाना बंद पडल्यापासून हेच त्यांचं ऑफिस. लोखंडी मांडणीवर सहा ग्राफिक्स कार्डं, खेळवेड्या पोरांच्या कॉम्प्युटरमध्ये असतात तीच. ती सतत गणितं सोडवत आभासी नाणी खणत असायची. इमारतीत सांगितलेलं होतं, 'घरून डेटाचं काम असतं.' कोणी पुढे काही विचारू नये म्हणून बानसाहेब कचरा टाकायलाही ऑफिसं सुटायच्या वेळेला उतरायचे. म्हणजे कामावरून परतल्यासारखं दिसायचं. मी समोरच्याच दारात राहते. मी त्यांना "दमलात?" असं विचारायचे आणि ते खरोखर दमलेल्या आवाजात "हो ना" म्हणायचे.

सप्टेंबरात ईथर नावाचं मोठं नाणं खणणं जगभर एकदम बंद झालं. बानसाहेबांना नवं नाणं निवडणं भाग होतं. दोन दिवस ते जेवतानाही कागदावर आकडेमोड करत होते.

"कोणतं मग?" मिराननं शेवटी विचारलं.

"दोन आहेत. रेवन जरा जास्त देतं, पण कार्डं भट्टीसारखी तापतात. अर्गो थोडकं देतं, पण शांत चालतं."

"तुमच्यासारखं."

"म्हणजे शांत?"

"म्हणजे थोडकं देणारं," असं म्हणून मिरान हसली. बानसाहेबही हसले, जरा उशिराने.

त्यांनी अर्गो निवडलं.

घरात मिरानची आई ओकबुन आज्जी असायच्या. दर नोव्हेंबरात त्या सोयाबीन शिजवून, कुटून, त्याच्या विटा थापायच्या. ते मेजू. भाताच्या पेंढ्याच्या दोरीने विटा टांगायच्या, चांगली पांढरी बुरशी धरली की रांजणातल्या खारवणीत बुडवायच्या, आणि वसंतात आमच्या मजल्यावर प्रत्येक घरी आज्जींच्या दोएनजांगची, म्हणजे त्या आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट वाटणाची, वाटी यायची. पण गावचं घर विकल्यापासून विटा टांगायच्या कुठे, हा दरवर्षीचा घोर. त्या वर्षी त्यांनी लहान खोलीचं दार ढकललं.

"अगंबाई! ही तर आमच्या चुलीमागची खोली!"

"आई, इथे यंत्रं आहेत..." बानसाहेब म्हणाले.

"मग? मेजू काय त्यांना चावणार आहेत?" आज्जींनी तळवा हवेत धरून ऊब जोखली. "जावईबापू, एवढंच सांगते. ऊब अशीच मंद राहू द्या. वाढली की वरून कवच धरतं आणि आत ओल कुजते."

"नाही वाढणार, आई. हे नाणं शांतच चालतं. माझा शब्द."

छताला विटांची रांग लागली. कारखाना बंद पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या खोलीचा कोणाला तरी उपयोग होत होता. दुसऱ्या दिवशी बानसाहेब दार न लावता कामाला बसले.

मग किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस आला. मिरानची थोरली बहीण मिसुक मदतीला आली. कोपरापर्यंत तिखटाने माखलेल्या बायका, शिजलेलं डुकराचं मटण, हसणंखिदळणं. मलाही बोलावलं होतं. कोबीची टोपली उचलून आणणाऱ्या बानसाहेबांना मिसुक म्हणाली, "दकसूराव, त्या खोलीतून आजवर बाहेर काय आलं हो? नुसती गरम हवा?"

"ताई!" मिराननं डोळे वटारले.

"अगं, चेष्टा! आमचा हीटरही तेवढंच करतो. फक्त तो शर्ट घालून बसत नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले. बानसाहेबांनी टोपली खाली ठेवली, "पाणी आणतो" म्हणाले, आणि पाणी काही आलं नाही. ते लहान खोलीत गेले होते. अर्गो थांबवून त्यांनी रेवन लावलं.

पंखे किंचाळायला लागले. तीनचार दिवसांत विटा वरून टणक झाल्या. बानसाहेबांनी बोटाने वाजवून पाहिल्या आणि मनाची समजूत घातली, छान वाळताहेत. आठवडाभराने एका सकाळी दार उघडताच नाकात वास गेला. गोडसर, सडका. त्यांनी तेव्हाच पुन्हा अर्गो लावलं, खिडकी उघडली, आणि कोणाला काही बोलले नाहीत.

नव्या वर्षात आज्जींनी विटा उतरवल्या. पहिली फोडली, आत काळी. दुसरी काळी. तिसरीनंतर त्यांनी फोडणं थांबवलं आणि स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं.

"हाताची चव गेली माझी," त्या म्हणाल्या.

बानसाहेब दारात उभे होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. "हवाच विचित्र होती यंदा," ते म्हणाले.

त्यानंतर आज्जी सारखे हात धुवायला लागल्या. साबण लावायच्या, नाकाशी धरायच्या, पुन्हा धुवायच्या. त्यांनी कालवलेली भाजी आधी मिरानला चाखायला द्यायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या. बानसाहेब हे रोज बघायचे, ताटावर मान घालून जेवायचे आणि शर्ट घालून कामाला जायचे.

शेवटी आज्जींनीच मिसुकला फोन केला. "रांजण घेऊन जा. आता दोएनजांग तू घाल."

मिसुक आली तेव्हा रांजण बाल्कनीतून काढायला मलाही हाक मारली होती. आज्जी एकेक रांजण फडक्याने पुसत होत्या. "हा माझ्या सासूचा. याला उन्हाकडे तोंड करून ठेव."

मिसुकनं तो रांजण कवेत घेतला आणि बानसाहेब मधे आले. "ताई, खाली ठेवा."

"का? तुम्ही उचलताय?"

"ठेवा म्हणतोय ना!" त्यांचा आवाज फाटला. "आईंच्या हाताला काही झालेलं नाही. मी नाणं बदललं. तापणारं लावलं. शब्द दिला होता आणि तरी लावलं."

"काय लावलं?" मिसुकला कळेना.

आज्जींना कळलं होतं. "कधीपासून ठाऊक होतं?"

"वास आला त्या दिवसापासून."

"म्हणजे विटा फोडायच्या आधीपासून."

"हो."

"आणि मी हात धुवत होते ते बघत होतात."

बानसाहेबांचे कान लाल झाले. ते वाकले, अजून वाकले, जमिनीवर गुडघे टेकले. मिरान तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिली. माझं त्या किमचीच्या दिवसाचं हसू मला आठवलं आणि तिथून निघून जावंसं वाटलं. मिसुकनं रांजण हळूच खाली ठेवला.

"आई, मी..." ती काही बोलणार होती.

"तू थांब." आज्जींनी फडकं झटकलं. "जावईबापू, उठा. आता नवे मेजू घालायला उशीर झालाय. बाजारातून विकतचे आणायचे. पिशवी तुम्ही घ्या."

उभ्या जन्मात आज्जींनी मेजू विकत घेतले नव्हते. बाजारातली मेजूवाली त्यांना ओळखून होती. दोघांना बघून ती खदखदून हसली. "अरे वा! ओकबुन आज्जी माझ्याकडे? हात थकला वाटतं!"

 आज्जी एक वीट उचलून वाजवत राहिल्या. आजूबाजूच्या दोघीतिघी वळून बघायला लागल्या.

"हात ठणठणीत आहे," बानसाहेब म्हणाले. निळा शर्ट अंगावरच होता. "जावई बिघडलाय."

"आं? काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही."

आज्जींनी वीट परत ठेवली, दुसरी उचलली. "जरा मोठ्याने सांगा तिला," त्या म्हणाल्या.

बानसाहेबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुन्हा सांगितलं.